चौथ्या कोपऱ्याचा पाया

आमच्या गल्लीतल्या गवंड्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला वजन लोंबतं ना, तो ओळंबा. हाही तसाच, नाकासमोर चालणारा आणि तोंडावर बोलणारा. माझं घर त्यानंच बांधलं. खड्डा कमरेपर्यंत गेला तरी गड्याचं आपलं एकच, "अजून खाली." मी वैतागून म्हटलं, "अरे, घर बांधतोयस की विहीर?"

"विहीर परवडली," तो म्हणाला. "तिला पाणी लागलं की लोक नाचतात. पायाला लागलं की रडतात."

पाया ठरवण्याची त्याची रीत पक्की होती. चारही कोपऱ्यांत छातीइतके खड्डे घ्यायचे, स्वतः आत उतरायचं आणि पहार मारून कान द्यायचा. टण्ण वाजलं तर खाली मुरूम, मग साधा दगडी पट्टीचा पाया पुरे. धप्प वाजलं तर माती कच्ची, मग खांब खाली कठीण थरापर्यंत न्यायचे आणि त्यांच्यावर बीम टाकून भिंत उचलायची. एका वकिलानं त्याला सुनावलं होतं, "शेजाऱ्यानं पट्टीचाच पाया घातलाय, मलाही तोच घाल." यानं विचारलं, "शेजाऱ्याचा चष्मा लावता का हो तुम्ही?" आणि हत्यारं उचलून चालता झाला. हसून हसून आमची पुरेवाट!

पण हा शहाणपणा दुसऱ्यांच्या घरापुरता.

बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. धाकट्या भावाला यानंच शिकवलं, कचेरीत चिकटवलं, त्याचं लग्न लावलं. आणि हा स्वतः? भावाच्या भाड्याच्या दोन खोल्यांमधल्या बोळात खाट टाकून झोपायचा. कोणी पाणी प्यायला उठलं की यानं पाय आखडायचे. गावाला शंभर दारं बसवून दिली, स्वतःला एक नाही.

मग भावानं जागा घेतली. म्हणाला, "दादा, बांधायचं तू. मागच्या कोपऱ्यातली खोली तुझी. दार वेगळं, खिडकी वेगळी." साठी उलटलेला माणूस पोरासारखा हरखला. घराचा पत्ता नाही आणि हा बाजारातून दाराची कडी घेऊन आला.

खड्डे घेतले. तीन कोपऱ्यांत टण्ण. चौथ्यात, म्हणजे मागच्या कोपऱ्यात, पहार अशी आत गेली जशी लोण्यात सुरी. वर काय आलं? कौलांचे तुकडे, चिंध्या, एका बुटाचा तळवा. पूर्वी तिथून विटांसाठी माती काढलेली, नंतर तो खड्डा राडारोड्यानं बुजवलेला. मी काठावरच उभा होतो. ओळंब्यानं भावाला हाक मारली.

"हा भराव आहे. या कोपऱ्याला खांब पाहिजेत. पार खालपर्यंत."

"एका घराला दोन तऱ्हेचे पाये? लोक हसतील, दादा."

"लोकांना नाही, जमिनीला विचार."

भावजय तिथंच होती. तिला पुढच्या बाजूला फरशी लावलेलं उंच जोतं आणि खांबांचा व्हरांडा हवा होता, आणि पैसे मोजकेच होते. ती म्हणाली, "भाऊजी, जमिनीखालचं कोण बघायला येतंय? आमच्या आयुष्यात एकदाच होतंय घर."

"मग व्हरांडा राहू दे."

भावाचा आवाज चढला. "व्हरांडा कशाला? खोलीच राहू दे की! तुला ती खोली हवी की नको, एवढं सांग."

वकिलाला उडवून लावणारा तो माणूस खाली बघत राहिला. मग बारीक आवाजात म्हणाला, "हवी."

आणि त्यानं तिथं पट्टीचा पाया घातला. स्वतःच्या हातानं, जाणूनबुजून.

दुसऱ्या पावसाळ्यात खोली बसायला लागली. दार अडकायचं, हा रंधा मारायचा. भिंतीला तडा जायचा, हा भावाची कचेरीची वेळ साधून लिंपायचा. तडा पुन्हा तोंड वासायचा. शेवटी एक दिवस तो तडा मधली भिंत ओलांडून भावाच्या बैठकीत शिरला.

"लोक विचारतात, घर कोणी बांधलं," भाऊ ओरडला. "कोणाचं नाव सांगू?"

"माझंच सांग." ओळंबा म्हणाला. मी तिथं होतो, माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. त्यानं डोळ्यांनीच मला गप्प केलं. मग भिंतीवर हात फिरवत म्हणाला, "माझी खोली खचतेय आणि सोबत तुझी भिंत ओढतेय. खोली तोडून वेगळी काढ. बाकीचं घर मुरमावर आहे, त्याला काही होत नाही."

दादा, मग तू कुठे राहशील, हे कोणी विचारलं नाही.

मजूर लावू दिले नाहीत त्यानं. चार दिवस एकट्यानं घण घातला. भावजय मधूनच बाहेर येऊन म्हणाली, "भाऊजी, खिडकी जपून काढा हं, पुढे कामाला येईल." यानं काढली जपून.

घर आज ठणठणीत उभं आहे. भाऊ पाहुण्यांना पाया किती पक्का आहे ते सांगतो. ओळंबा कुठल्यातरी बांधकामावर सिमेंटच्या गोदामात राहतो, काम संपलं की पुढच्या गोदामात. परवा भेटला तेव्हा मी विचारलं, "तुझ्या खोलीच्या जागी आता काय आहे रे?"

"स्कूटर लावतात," तो म्हणाला. "तेवढं पेलते ती जमीन."