शनिवारपुरतं बोलणं

आज सकाळी दारासमोरून कापसाची ट्रॉली गेली. ठासून भरलेली, वर ताडपत्री बांधलेली, तरी वळणावर हिसका बसला आणि चार-दोन बोंडांचा कापूस आमच्या फाटकाच्या जाळीत अडकून राहिला. मी तो काढायला गेलो आणि हाताला सरकीचा तो तेलकट, उबदार, किंचित कुबट वास लागला. ज्यांनी कापसाच्या गावात दिवस काढलेत त्यांना तो वास सांगावा लागत नाही. माझ्यासाठी तो वास म्हणजे शनिवारची संध्याकाळ. बायको परतूरहून जालन्याला यायची, तेव्हा तिच्या पदराला तो यायचा. तिची शाळा सरकी काढणाऱ्या एका जिनिंग मिलला लागून होती. दिवाळीनंतर तर वर्गातल्या फळ्यावरसुद्धा कापसाचे तंतू बसतात, असं ती सांगायची.

आम्ही दोघंही जिल्हा परिषदेचे शिक्षक. मी भोकरदन तालुक्यात धावड्याला, ती परतूरला. एक जिल्ह्याच्या या टोकाला, दुसरं त्या टोकाला. बदलीचे अर्ज आम्ही इतके केले की, शेवटी अर्जाचा मजकूर दोघांनाही पाठ झाला. मग मधलं गाव म्हणून जालन्यात घर बांधलं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी धावड्याहून निघायचो, ती मुलांना घेऊन परतूरहून निघायची, आणि सोमवारी पहाटे दोघं पुन्हा दोन दिशांना. असं तीस वर्षं चाललं. निवृत्तही आम्ही एकाच दिवशी झालो, कारण आमच्या पिढीतल्या निम्म्या पोरांप्रमाणे आमचाही जन्म शाळेत घालताना गुरुजींनी जूनच्या पहिल्या तारखेला लावून टाकलेला, आणि अंदाजाने टाकलेलं सालही दोघांचं एकच पडलेलं. खरं तर ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान. कागदावर मात्र जुळी भावंडं शोभावीत असे आम्ही. निरोपसमारंभात यावरून बरीच थट्टा झाली आणि आता काय, राजाराणीचा संसार, असं जो तो म्हणून गेला.

पण त्या संसाराची आम्हांला सवयच नव्हती, हे कुणाला सांगणार? आठवडाभर साठलेलं सगळं मी हजेरीच्या जुन्या पाठकोऱ्या कागदावर टिपून ठेवायचो. धाकटीला सर्दी झाली होती ती गेली का, गॅसची टाकी, भावकीतलं लग्न, मुलाच्या गणिताची शिकवणी. शनिवारी रात्रीची जेवणं झाली की यादी पुढ्यात घ्यायची, एकेका ओळीवर बोलायचं आणि काट मारायची. तीही तिची यादी आणायची. यादी संपली की बोलणं संपायचं आणि झोप यायची. निवृत्तीनंतरच्या पहिल्या शनिवारीही आम्ही सवयीने तसेच बसलो. तासाभरात सगळं बोलून झालं. रविवारी उठलो तेव्हा सोमवार, मंगळवार, बुधवार असे सगळे वार समोर रिकामे पडलेले होते आणि कुणालाच कुठं जायचं नव्हतं.

म्हणून आम्ही प्रवासाला निघालो. मुलांना वाटलं, आईबाबांना हौस आली. खरं सांगायचं तर घरात बसून एकमेकांकडे बघण्यापेक्षा खिडकीबाहेर बघणं सोपं होतं. पहिला प्रवास अगदी जवळचा, गोदावरीत पाय बुडवून यायचं म्हणून शहागडचा. एसटीत शेजारी शेजारी बसलो. कंडक्टर आला तसा मी हात पुढे करून म्हणालो, एक शहागड. त्याच क्षणी तीही पर्समधून हात बाहेर काढत म्हणाली, एक शहागड. कंडक्टर आळीपाळीने आमच्याकडे बघत राहिला. "काका, तुम्ही दोघं सोबत न्हाई का?" मी हसून वेळ मारून नेली. ती खिडकीबाहेर बघत होती. दोन दिवस मला मात्र ते कुसळासारखं टोचत राहिलं.

मग पुण्याला मुलाकडे गेलो. त्याने आमच्यासाठी एक खोली नीट लावून ठेवली होती, आणि आमच्या निवांतपणासाठी तो दारही ओढून घ्यायचा. त्या खोलीत आम्ही बदलीच्या शिबिरात शेजारी बसलेल्या दोन अनोळखी शिक्षकांसारखे बसायचो. कोकणात गेलो. समुद्र बघून ती म्हणाली, छान आहे. मीही म्हणालो, छान आहे. कुणीतरी आमचा फोटो काढून दिला, तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि मुलांनी त्यावर बदाम पाठवले. फोटोत आमच्या दोघांच्या मधून एक सुटकेस सहज मावली असती. सामानाचीही तीच गत. दोन टॉर्च, दोन कुलपं, दोन टूथपेस्ट. एकटं राहणाऱ्या माणसाची पिशवी जशी भरते तशी दोघांनी आपापली भरलेली. मला या सगळ्याचं हसू यायचं आणि हसू ओसरलं की फार एकटं वाटायचं. धावड्याच्या खोलीत मी खरोखर एकटा होतो, तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं. कारण तिथं शनिवार यायचा होता.

हैदराबादला लेकीकडे जाताना गाडी परतूरला दोन मिनिटं थांबली. गाडी थांबायच्या आधीच ती उठून दाराशी गेली. फलाटावर तिची परतूरची घरमालकीण उभी होती, थोरल्या बहिणीसारखी म्हणून तिची आपा. घरात उर्दू बोलणारं कुटुंब, नवरा लवकर गेलेला, शिवणकामावर मुलाला मोठं केलेलं. बायको तीस वर्षं यांच्याच अंगणातल्या खोलीत राहिली, आणि ती खोली मी दोन-तीनदाच पाहिलेली, तीही सामान पोचवायला गेलो तेव्हा. आपाने डबा दिला. दोघी एकाच वेळी काहीतरी बोलत होत्या, हसत होत्या, आणि गाडी हलली तरी बोलणं संपेना. जागेवर येऊन बसली तेव्हा तिचा चेहरा मी कधी न पाहिलेल्या एका बाईचा होता. नांदेड येईपर्यंत तो हळूहळू मावळला.

वर्ष सरत आलं आणि निरोप आला की, आपा न्हाणीघरात घसरून पडली, पायाला प्लास्टर आहे, सून दिवसभर कामावर असते. ही म्हणाली, दोन दिवस जाऊन येऊ. गेलो. मला अंगणात खुर्ची दिली, चहा दिला. मी माझ्या बायकोच्या माहेरी आलेल्या नव्या जावयासारखा अवघडून बसलो. ती स्वयंपाकघरात होती. कुठला डबा कुठं आहे ते न विचारता ती तिथं वावरत होती. खाटेवरून आपा माझ्याशी बोलायला लागली.

"सर, तुमच्या बाईसारखी बोलणारी बाई न्हाई पाहिली मी. रोज सांजेला हितं बसायची, सगळं सांगायची. तुमचंबी."

माझं काय, मी विचारलं.

"तुम्हाला तिकडं धावड्याला ताप आल्ता. एकटेच पडून होते. तुमच्या सोबतच्या मास्तरनं तिला कळवल्तं. बिलकुल झोपली न्हाई ती दोन दिवस. मी म्हटलं, जाय ना मंग. तर म्हणे, त्यांनी मला सांगितलं न्हाई, म्हणजे त्यांना नको असंल."

तो ताप मला आठवत होता. तिला उगाच घोर नको म्हणून मी तो यादीत लिहिला नव्हता. त्या शनिवारी आम्ही गॅसच्या टाकीवर बोललो होतो. ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत होती, एवढं आता आठवलं. मी थंड झालेला चहा पिऊन टाकला. आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता आणि मला उठून आत जावंसं वाटत होतं, पण काय बोलायला जाऊ ते कळेना.

दुसऱ्या दिवशी ती दारापर्यंत आली. म्हणाली, "तुम्ही निघा. मी आठ दिवस ऱ्हाते. जमंल ना तुम्हाला?"

"तीस वर्षं जमलं की," मी म्हणालो. गमतीने म्हणालो होतो. ती हसली नाही.

स्टेशनवर खिडकीशी पैसे सरकवले आणि म्हणालो, दोन जालना. तिकिटं खिशात टाकून फलाटावर आलो, बाकावर बसलो, आणि शेजारी पिशवीला जागा करून देताना माझ्या लक्षात आलं की आपण एकटे आहोत. वर्षभर आम्ही शेजारी शेजारी मुकाट हिंडलो, त्यातून काहीच हाती लागलं नाही असं मी समजत होतो. जिभेला मात्र दोन म्हणायची सवय केव्हा लागली ते मला कळलंही नव्हतं. दुसरं तिकीट परत करता आलं असतं. मी केलं नाही. पॅसेंजर आली, शेजारची जागा जालन्यापर्यंत कुणी घेतली नाही.

आठ दिवसांचे तीन आठवडे झाले. आपाचं प्लास्टर अजून निघायचंय. फोनवर आम्ही जेवण झालं का, पाणी आलं का, एवढंच बोलतो. काल ती म्हणाली, शनिवारी येते. किती दिवसांसाठी ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

फाटकातला कापूस मी फेकला नाही, टेबलावर आणून ठेवलाय. शेजारी हजेरीचा जुना पाठकोरा कागद घेतलाय. पहिली ओळ लिहिली: धावड्याला ताप आला होता, तुला सांगायला हवं होतं. दुसरी लिहिली: परतूरहून येताना दोन तिकिटं काढली. त्यापुढे काही सुचत नाही. या दोन ओळींवर काट कशी मारायची तेही मला माहीत नाही. आज गुरुवार आहे.