गल्लीचा कोट

आमच्या गल्लीत ज्याला फोरमन म्हणतात, तो कधीच फोरमन नव्हता. बाटल्यांच्या कारखान्यात दिव्यासमोर एकेक बाटली धरून तडा शोधायचा, एवढंच त्याचं काम. पण बोलायचा असा की मालकानंही दचकावं. कारखान्याला टाळं लागलं, नाव तेवढं चिकटून राहिलं.

बेकारी भत्त्यावर जगणारे म्हणजे आळशी, आयतं गिळणारे, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा भत्ता कचेरीच्या बाकावर बसून दाखवावं. काम शोधल्याचा पुरावा द्यायचा आणि वर तोंडही पाडून बसायचं! तोंड पाडणं आमच्या गल्लीला जमत नाही. म्हणून खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने एक कोट शिवला. कारखान्याच्या मॅनेजरच्या केबिनचा जाड निळा पडदा भंगारात निघाला होता, त्याचा. ज्याची कचेरीत पाळी, त्याच्या अंगावर कोट. शिंपी आदल्या संध्याकाळी मापाप्रमाणे बाह्या दुमडून टाचायचा, नाहीतर उसवून द्यायचा.

आणि तिथंच आम्ही फसलो. माणसं बदलतात पण कोट तोच, हे कचेरीतल्या तपासणीवाल्या बाई ओळखतील, असं आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्यांनी फोरमनचा भत्ता थांबवला. "असले कोट भत्त्यावर येत नाहीत. चोरून कामं चालू आहेत आणि तुमची सगळ्यांची टोळी आहे," असं तोंडावर सांगितलं. सुनावणी लागली. इकडे घरमालकही बोलून गेला, भत्ता नाही तर खोली नाही. फोरमनच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, भांडी पोत्यात भरली.

अशा सुनावण्यांना मी लोकांबरोबर जातो. कायदा मी शाळेत नाही, कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर शिकलो. फोरमनला न्यायला गेलो तर वहिनी फाटका शर्ट घेऊन उभ्या.

"हा घाला. जरा गरीब दिसा."

"दिसू? म्हणजे आत्ता काय नवाब दिसतो?"

"अहो, डोक्यावरचं छप्पर चाललंय आणि तुमचा ताठा जात नाही!"

"काम गेलंय, अब्रू नाही गेली. कोट आण."

"भाऊजी, तुम्ही तरी सांगा यांना."

मी काय सांगणार? माझंच डोकं तापलेलं. म्हटलं, "वहिनी, कोटच द्या."

कचेरीत बाईंनी बोट रोखलं. "आजही तोच?"

मी उसळलो. फोरमनने माझा गुडघा दाबला. "तू गप. भत्ता माझा थांबलाय." त्याने कोट उतरवला आणि टेबलावर उलटा पसरला. आतल्या काठाला पडद्याच्या कड्यांची भोकं, ओळीनं.

"मॅनेजरच्या खिडकीचा पडदा आहे, मॅडम. भंगारातला. आता टोळीचं म्हणाल, तर आहे. बाहेर ड्रायव्हर थांबलाय, माझ्यानंतर त्याचा नंबर. कोटाशिवाय तो आत यायचा नाही."

बाईंनी उठून दार उघडलं. बटणं तुटलेला शर्ट छातीशी मुठीत धरून ड्रायव्हर भिंतीला टेकला होता. दोन वर्षं गाडी नाही हातात.

"या ना आत."

"कोट येऊ दे, मॅडम. मग येतो."

बाई परत येऊन बसल्या. आवाज जरा उतरला होता. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठं? एकदम शिक्काच मारलात."

त्यांनी शेरा खोडला आणि भत्ता सुरू केल्याची सही केली. मला वाटलं, आता हा आभार मानतो की काय! फोरमन जागचा हलला नाही.

"थांबवलेल्या महिन्याचाही लिहा."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. लिहिलं.

घरी वहिनी उंबऱ्यातच. "काय झालं?"

"राहतोय इथंच. भांडी काढ."

"मी नाही काढत. तुमच्या ताठ्यापायी भरली, तुम्हीच काढा."

फोरमन खाली बसला आणि पोत्याची सुतळी सोडायला लागला. प्रत्येक पातेलं उजेडात धरून, पोचा आला का बघत होता.