डोंगरावर मतपेटी नेणारी सालकिनाय

सालकिनायवहिनी लग्न होऊन आमच्या घरात आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं आईला विचारलं, "आपा, सगळे या गावाला आक-जार म्हणतात. मग वेशीवरच्या पाटीवर 'लाल पहाट' का लिहिलंय?"

आई म्हणाली, "ती पाटी रशियन साहेबांसाठी आहे. तू चहा ओत."

वहिनीनं चहा ओतला, पण ओतता ओतता पुढचं विचारलंच, "मग साहेब वाट चुकले, तर गावात येऊन कुठलं नाव विचारतात?" माझा मोठा भाऊ रिस्पेक मान खाली घालून हसत होता. मी तेव्हा शाळेत जाणारा, धाकटा दीर. मला ही नवी वहिनी फार आवडली.

ती सामूहिक शेताच्या शिवणखान्यात कामाला लागली. मेंढपाळांचे जाड कोट, शाळेचे पडदे, सणाला लावायचे झेंडे, सगळं तिथंच शिवलं जायचं. चौऱ्याहत्तर सालच्या जूनमध्ये मॉस्कोच्या मोठ्या सभेसाठी निवडणूक आली. निम्मं गाव मेंढ्या घेऊन टेकेलीच्या कुरणात चढलेलं. त्यांची मतं आणायला पेटी वर न्यावी लागणार होती. निवडणूक समितीत एक बाई असावी असा वरून आदेश होता. नदी तेव्हा फुगलेली असते, आणि घोड्यावर बसून ती पार करणारी बाई म्हणजे आमची वहिनी. अशी तिची निवड झाली. पेटीवर घालायला लाल कापडाचा अभ्राही तिलाच शिवायला लावला.

बरोबर होता मुकांबेत, पार्टीचा गावातला सचिव. माणूस वाईट नव्हता, पण सतत धास्तावलेला. जिल्ह्याचा फोन वाजला की उभा राहून बोलायचा.

पुढचं सगळं वहिनीनं मला इतक्या वेळा सांगितलंय की मी स्वतः तिथं होतो असंच वाटतं. वर पोचल्यावर लोकांनी कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, पाजलं, मतपत्रिका घेतल्या, घड्या घालून पेटीत टाकल्या. नाव एकच होतं. ते नको असेल तर खोडायचं, हवं असेल तर काहीच करायचं नाही. त्यामुळे पेन्सिल कुणी मागायचंच नाही. पेन्सिल मागितली म्हणजे मनात काहीतरी आहे, असा अर्थ व्हायचा.

शेवटी एसेनकुल आला. वय झालेला, दाढी पांढरी, कान तिखट. त्यानं मतपत्रिका उलटसुलट करून पाहिली.

"पोरी, याला निवडणूक म्हणतात ना?"

"हो, आक्साकाल." पांढऱ्या दाढीच्या वडीलधाऱ्यांना आमच्याकडे असंच म्हणतात.

"मग कुणातून कुणाला निवडायचं?"

वहिनीनं मुकांबेतकडे पाहिलं. तिलाही हे जाणून घ्यायचंच होतं.

मुकांबेत म्हणाला, "आक्साकाल, चांगला माणूस आहे. कामगारांनीच नाव सुचवलंय."

"असेल. पेन्सिल द्या."

मुकांबेतचा चेहरा पडला. त्यानं खिशातली पेन्सिल काढून दिली. म्हातारा लोकरीच्या नमद्याच्या तंबूत गेला, आतल्या सुनानातवंडांना बाहेर काढलं आणि दाराचा पडदा सोडला.  एक कुत्रं आत शिरायला बघत होतं, त्यालाही कुणीतरी हाकललं. चहा उकळून आटला तरी म्हातारा बाहेर येईना.

आला तेव्हा कागदाची घडी घातलेली होती. त्यानं ती पेटीत टाकली आणि पेन्सिल परत दिली.

"आक्साकाल, काय केलंत?" मुकांबेतनं हळूच विचारलं.

"मत गुप्त असतं, असं तूच मघाशी वाचून दाखवलंस. ते खोटं होतं का?"

उतरताना मुकांबेत सारखा मागं वळून पेटीकडे बघत होता. नदीपाशी तो घोड्यावरून उतरला आणि म्हणाला, "सालकिनाय, सील जरासं सैल वाटतंय. बघूया का?" वहिनी सांगते, तिलाही पाहायचं होतं, त्याच्याहून जास्त. पण तो म्हणतोय म्हणून तिला ते करावंसं वाटेना. तिनं घोड्याला टाच मारली आणि सरळ पाण्यात घातला. मुकांबेतला पोहता येत नव्हतं, त्यामुळे नदी पार होईपर्यंत त्याचं तोंड बंद राहिलं.

गावात आले तेव्हा दिवस कलला होता. सभागृहात वाजंत्री थांबलेली, खास मतदानासाठी आलेली संत्री संपलेली. फोनवर बसणारी बाई कोट घालून घरी निघाली होती.

"अगं, थांब की. वरची मतं मोजायची आहेत," वहिनी म्हणाली.

"मोजा ना. आकडा मी जेवणाआधीच कळवला जिल्ह्याला. शंभर टक्के."

वहिनी पेटी हातात घेऊन उभीच राहिली. मग मुकांबेतकडे वळली. "मग मी डोंगरावरून काय घेऊन आले?"

"मतपेटी," मुकांबेत म्हणाला. आता त्याचा जीव भांड्यात पडला होता. "छान आणलीस. जा, घरी जाऊन पाय शेक."

दुसरी कुणी असती तर चिडली असती, नाहीतर विसरली असती. वहिनीला मात्र कुतूहलानं पछाडलं. कळप खाली उतरले तसं तिनं एसेनकुलला गाठलं आणि त्या कागदावर काय केलं ते थेट विचारलं.

म्हातारा म्हणाला, "काहीच नाही. झारच्या वेळी मी पोर होतो, तेव्हा कुणी काही विचारलं नाही. मेंढ्या सामूहिक शेतात घेतल्या, तेव्हा कुणी विचारलं नाही. युद्धावर नेलं तेव्हाही नाही. आता कागदावर लिहून आणलंत की तुझं मत काय. म्हटलं, जरा बसून विचार तर करावा. केला. माणूस ओळखीचा नव्हता, खोडायचं तरी कशावरून?"

तेव्हापासून दर निवडणुकीला वहिनी स्वतःहून पेटी न्यायला पुढं व्हायची. रिस्पेक चिडवायचा, "आकडा आधीच गेलेला असतो, तू कशाला घोडा दमवतेस?" ती म्हणायची, "एखाद्या वेळी जाणार नाही. तेव्हा मी तिथं असायला हवी."

तो दिवस यायला फार वर्षं गेली. एक्याण्णवला मॉस्कोचं राज्य संपलं, देश आपला झाला. पाटीवर आक-जार लिहिलं गेलं. ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष निवडायचा होता, तेव्हाही कागदावर नाव एकच. वहिनी म्हणाली, "रंगारी बदलला, भिंत तीच." मग सामूहिक शेत मोडलं. मेंढ्या वाटल्या, ट्रॅक्टर वाटले, आणि शिवणखाना बंद झाला तेव्हा पगाराऐवजी बायकांना यंत्रं दिली. वहिनीच्या वाट्याला आलेल्या यंत्रावर ती मुलींच्या लग्नातल्या गाद्या-रजया शिवू लागली. त्यावर घर चाललं. रिस्पेक त्याच काळात छातीच्या दुखण्यानं गेला. थोरला मुलगा रशियात नोवोसिबिर्स्कला बांधकामावर गेला, मग धाकटाही गेला. राजधानीत एकदा लोक उठले, सरकारी वाड्यात शिरले आणि अध्यक्ष पळाला. पाच वर्षांनी पुन्हा उठले, तेव्हा गोळ्या चालल्या, पुढचा अध्यक्षही पळाला. वहिनी रेडिओ मांडीवर घेऊन बसायची आणि मला विचारायची, "नेमकं कुणी ठरवलं असेल रे, की आता आत शिरायचं? पहिलं पाऊल कुणाचं असेल?" मला काय ठाऊक!

त्याच वर्षी, दोन हजार दहाच्या ऑक्टोबरात, संसदेची निवडणूक झाली. एकोणतीस पक्ष. मतपत्रिका टॉवेलएवढी. पेटी आता पारदर्शक प्लॅस्टिकची, अंगठ्याला शाई. गावातल्या आजाऱ्यांकडे पेटी न्यायचं काम वहिनीकडे होतं, गाडी माझी. बातमा नावाची बाई मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळली होती. तिनं चष्मा लावला, लांबलचक कागद पांघरुणावर पसरला.

"एजे, कोण येणार आहे निवडून?" तिनं विचारलं. एजे म्हणजे आमच्याकडे मोठी बहीण.

"माहीत नाही गं."

"इतकी वर्षं समितीत आहेस आणि माहीत नाही? मग आलीस कशाला?"

वहिनी हसायला लागली. थांबेचना. बातमा रागावली, तिला वाटलं आपल्याला हसतेय. वहिनीनं तिचा हात धरला. "खरंच माहीत नाही, बातमा. मला नाही, मुकांबेतला नाही, जिल्ह्याला नाही. देवाशप्पथ कुणालाच माहीत नाही!"

गाडीत बसल्यावर ती डोळे पुसत होती. मी विचारलं, "वहिनी, आनंद झाला की वाईट वाटलं?"

"भीती वाटली रे," ती म्हणाली. "अशीही भीती असते हे ठाऊकच नव्हतं."

मोजणीला पक्षांचे लोक एकमेकांवर खेकसत होते. पुन्हा मोजा, पुन्हा मोजा. वहिनी दर वेळी पहिल्यापासून मोजायला बसायची. मुकांबेत काठी टेकत दारापाशी आला आणि कुजबुजला, "अंदाजे तरी सांग ना." तिनं त्याला बाकावर बसवलं आणि चहा पाठवला. ज्या पक्षाचं नावही गावात कुणी घेत नव्हतं तो आमच्याकडे दुसरा आला. कुणी मतं दिली ते आजवर कळलेलं नाही.

पुढं बोटांचे ठसे घेणारी यंत्रं आली, मतं यंत्रच मोजू लागलं, आणि वहिनी समितीतून निवृत्त झाली. घरी बसवेना. दोन हजार सोळाच्या गावपरिषदेला ती स्वतः उभी राहिली. आम्ही सगळे म्हणालो, हे वय आहे का? ती म्हणाली, "पेटीच्या दोन बाजू बघितल्या, तिसरी राहिली."

पडली. थोडक्यात, पण पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पांढरा रुमाल डोक्याला बांधला आणि मला म्हणाली, "गाडी काढ. मला कुणी मत दिलं नाही ते विचारायचंय."

"वहिनी, असं कुणी विचारतं का?"

"मी भांडायला नाही चालले. मला जाणून घ्यायचंय."

आणि ती खरंच दारोदार गेली. लोकांची काय तारांबळ! सगळे म्हणत, दिलं, एजे, तुम्हालाच दिलं. ती म्हणायची, "इतक्या जणांनी दिलं असतं तर मी पडले कशी?" लोक म्हणत, चहा घ्या. मुकांबेत म्हणाला, "माझ्या पुतण्याला दिलं. रागावलीस?" ती म्हणाली, "छे, पुतण्या हुशार आहे तुझा. मीही विचार केला होता त्याचा."

वरच्या आळीत गुलसून नावाची तरुण बाई गाय पिळत होती. तिनं मात्र धार न थांबवता सांगितलं, "नाही दिलं."

"का गं?"

"पाटाचं पाणी आमच्यापर्यंत येतच नाही, आधीच खाली वळवतात. खालच्या आळीचे रात्रंदिवस घेतात. तुम्हीही खालच्याच. आणि मत मागायला तुम्ही वर आलातच कुठं? लांब पडतं म्हणून बाकीचेही येत नाहीत."

वहिनी उभी होती ती उलट्या बादलीवर बसली. "किती वर्षं येत नाही पाणी?"

"माझं लग्न झाल्यापासून."

"आणि हे कुणी ठरवलं?"

गुलसूननं पहिल्यांदा मान वर केली. "तेच तर कुणाला माहीत नाही, एजे."

"चल," वहिनी म्हणाली, "दूध आत ठेव आणि मला पाट दाखव. कुठून वळतो ते आधी बघू." दोघी ओढ्याच्या बाजूनं चढायला लागल्या. मी गाडीपाशी थांबलो होतो. बराच वेळ वरून वहिनीचा आवाज ऐकू येत होता, ती काहीतरी विचारत होती.