मांडीचा नवस

लेकरांच्या बारावीसाठी लातुरात खोली करून राहणाऱ्या आया तेव्हा गल्लोगल्ली होत्या. मीही त्यातलीच. नवरा नायगावला शाळेत मास्तर. तो तिकडे रोज खिचडी करपवून खायचा आणि मी इकडे जिन्यावरच्या एका खोलीत स्टोव्ह, सतरंजी आणि लेकीची पुस्तकं सांभाळत बसलेली.

प्रत्येक आईचा काही ना काही नवस असायचा. कुणी गोड सोडलेलं, कुणी भात. मी दोन नवस केले, कारण माझा स्वभावच आगाऊ. एक म्हणजे सोमवार, गुरुवार आणि चतुर्थीचे कडक उपास. दुसरा असा की, लेक अभ्यासाला बसली की आपणही समोर मांडी घालून जप करायचा आणि ती उठेपर्यंत मांडी मोडायची नाही. खाली शहाबादी फरशी, वर नावापुरती सतरंजी. हे देवाला सांगितलं होतं, लेकीला नाही.

दिवाळीनंतर डावा पाय कुरकुरू लागला. गुडघ्याखालून बाहेरच्या अंगाने पावलापर्यंत आग व्हायची, मुंग्या यायच्या. जिना चढताना चप्पल पायातून निसटायची आणि ते मला वर पोचल्यावर कळायचं. हाक मारली की घरमालकीण ती उचलून आणून द्यायची आणि सोबत सल्लाही. "वातच हाय ह्यो, मास्तरीणबाई. वांगं सोडा, दही सोडा." उपासांनी आधीच अर्धी झाले होते, तेही सोडलं.

वाताची मला धास्तीच होती. माझं माहेर भूकंपात पडलेल्या गावांपैकी. आई त्यातून वाचली, पण पुढचे हिवाळे पत्र्याच्या शेडमध्ये काढता काढता तिचे सांधे गेले. बोटं वाकडी झाली, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे. शेवटी शेवटी तिला खाटेवरून उचलून बाहेर न्यायचो. त्या पहिल्या हिवाळ्यात शेडमध्ये तिच्याजवळ मीही राहिले होते. तोच गारठा आता माझ्या सांध्यांत उतरलाय, असं मी मनाशी पक्कं केलं. मी खाटेला खिळले तर लेकीला करून कोण घालणार? तिला क्लास अर्धवट टाकून परत न्यावं लागणार. मला भीती होती ती एवढीच, आणि ती मी नवऱ्यालाही बोलले नाही. एरंडेल चोळायचं, मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेकायचं आणि गप्प बसायचं.

एका सकाळी शेकत असताना लेकीने माझा हात धरला.

"आई, पुरचुंडी उचल. तुला फोड आलाय."

पावलावर टपोरा फोड आला होता आणि मला पत्ताच नव्हता. इतके दिवस दुखत होतं म्हणून भीत होते. त्या सकाळी दुखलं नाही म्हणून जास्तच भ्याले.

लेकीने तशीच रिक्षात घालून नेलं. डॉक्टर वयस्कर होते, आमच्याच भागातले. फोडाला मलम लावून झाल्यावर म्हणाले, "कुठं दुखतं ते एका बोटानं दाखवा, ताई."

बोट टेकवायला गेले, पण टेकवू कुठे? शेवटी अख्खा तळहात गुडघ्यापासून पावलापर्यंत फिरवला.

"सांधे दुखणारा माणूस नेमकं बोट ठेवतो," ते म्हणाले. "तुम्ही हात फिरवून राहिल्यात."

त्यांनी घोटा दाबला, वळवला, पायाची बोटं एकेक करून हलवली. दुखलं नाही. सूज नव्हती. सकाळी उठल्यावर पाय आखडतो का, विचारलं. तोही आखडत नव्हता. पण पाऊल स्वतः वर उचलायला सांगितलं, तर ते आळशी बैलासारखं जागचं हलेना. मग गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाडाचा जो उंचवटा असतो, तिथे त्यांनी टिचकी मारली. थेट पावलापर्यंत झिणझिणी गेली.

"सांधे ठणठणीत हायत तुमचे. नस दबलीय. आता सांगा, तासन्‌तास बसून काय करता?"

लेकीच्या देखत नवस सांगावा लागला. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "इथून नस जाते, ताई. तिच्यावरची चरबीची गादी तुम्ही उपासांनी उतरवली आणि उघडी नस फरशीवर दाबून धरली. परीक्षा पोरीची हाय का तुमची?"

रक्तातली साखर तपासली, तीही बरोबर निघाली. मांडी बंद, उपास बंद, शेक तर अजिबात नाही. पायाचा व्यायाम दाखवला. हळूहळू पाऊल उचलेल म्हणाले.

बाहेर आल्यावर मी रस्त्यातच रडले. पावलाला फोड, पाऊल उचलेना, आणि माझ्याइतकी सुखी बाई अख्ख्या लातुरात नसेल. आईचे सांधे माझ्याकडे आले नव्हते. लेकीचा क्लास सुटणार नव्हता.

लेकीने हात धरून रिक्षात बसवलं. खोलीशी आल्यावर म्हणाली, "मला वाटायचं, तू माझ्यावर नजर ठेवायला बसतेस. तू उठत नव्हतीस म्हणून मी उठत नव्हते."

"मग करत काय होतीस?"

"वाचून झालं की पानं उलटत होते."

मला हसू फुटलं, मग तिलाही. दोन शहाण्या एकमेकींसाठी फरशी झिजवत होत्या आणि देव बिचारा बघत होता.

घरमालकिणीने तिची लोखंडी खुर्ची वर पाठवली. उपासाच्या दिवशी मी भाकरी खाऊ लागले. संध्याकाळी लेक पुस्तक मिटून सरळ सांगायची, "झालं माझं." मग आम्ही कोपऱ्यापर्यंत पाय मोकळे करून यायचो. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून चालायची. पुढे पुढे नुसतीच सोबत.

अशाच एका संध्याकाळी आम्ही फिरून आलो. बोलत बोलत जिना चढले आणि दाराशी सवयीने घरमालकिणीला हाक मारणार, तेवढ्यात लेक म्हणाली, "आई, चप्पल काढ आधी. ती पायातच आहे."