डरपोक साईंची रजिस्ट्री

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार ज्यांचे आहेत, त्यांना उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये सगळे ‘डरपोक साई’ म्हणत. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारे हे सिंधी गृहस्थ खरोखरच घाबरट होते. लिफ्टमध्ये पाऊल टाकत नसत. रस्ता ओलांडताना माझा दंड घट्ट धरत.

सगळ्यांत जास्त भीती त्यांना रजिस्ट्रीची. कॉम्प्युटरच्या पोटातल्या सगळ्या सेटिंग्ज तिथे झाडाच्या फांद्यांसारख्या, एकीतून दुसरी अशा असतात. चुकीची एक नोंद पुसली की मशीन आंधळं. ती उघडली की साई दोन्ही हात मांडीवर ठेवत आणि आपण कुठे आहोत ते वरपासून मोठ्यानं वाचत. शेजारचा मोबाईलवाला ओरडायचा, “साई, बॉम्ब निकाल रहे हो क्या?”

“बॉम्ब फुटला तर आवाज तरी होतो,” साई म्हणत. “इथे काय गेलं ते परवा कळतं.”

मी सोनिवलीच्या शेतकऱ्याचा मुलगा, घरातला पहिला पदवीधर. पदवी होती, पण काम येत नव्हतं. साईंनी ठेवून घेतलं आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, “पुट, हात थरथरला की मला फोन. लाज नको.” पुट म्हणजे मुलगा. मला ते फार आवडायचं.

बदलापुरात बेलवलीला एक रक्त तपासणारी लॅब आहे. एकदा तिथल्या जुन्या प्रिंटरची उरलेली सेटिंग काढायला मी सलग दुसऱ्या दिवशी गेलो होतो. रजिस्ट्री बघायचा-बदलायचा एडिटर उघडला की मागच्या वेळी सोडलेल्या जागीच उघडतो. आदल्या दिवशी मी प्रिंटरच्या ‘सेटिंग्ज’वर थांबलो होतो. आताही समोर ‘सेटिंग्ज’च निळी दिसत होती. मी पुसायची आज्ञा दिली. कायमचं पुसायचं का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. बाहेर बाकावर माणसं रिपोर्टची वाट बघत होती. एक आजोबा पुन्हा पुन्हा दारातून डोकावत होते. माझा हात थरथरला. मी फोन लावला.

“कुठे उभा आहेस?” साईंनी विचारलं.

“प्रिंटरवर.”

“विचार मत कर, वाच. वरून वाच.”

मी वाचत गेलो आणि तिसऱ्या शब्दाला थांबलो. ही ‘सेटिंग्ज’ प्रिंटरची नव्हती, रक्त तपासणाऱ्या मशीनची होती. सकाळी मशीनचा इंजिनिअर येऊन गेला होता आणि एडिटर त्यानं सोडलेल्या जागी उघडला होता.

“साई...”

“हात वर कर. दोन्ही. आता ‘नाही’ दाब.”

मी ‘नाही’ दाबलं आणि बाहेर जाऊन पायरीवर बसलो.

साई स्कूटरवरून बदलापूरला आले. एवढ्या लांब ते कधी येत नसत. रागावले नाहीत. एडिटर आपली शेवटची जागा रजिस्ट्रीतच लिहून ठेवतो. ती नोंद त्यांनी रिकामी केली, आणि परवानग्यांच्या चौकटीत जाऊन, ज्या नावानं आम्ही कॉम्प्युटर उघडायचो त्याला तिथे पुन्हा लिहायला मनाई केली. एडिटर बंद करून उघडला. सगळ्या फांद्या मिटलेल्या, आपण अगदी वर.

“विसरू दे त्याला,” ते म्हणाले. “हर बार वरूनच उतरायचं. पाय दुखले तरी.” बोलताना त्यांचाही हात थरथरत होता. मी बघतोय हे पाहून म्हणाले, “थरथरतोय ना? अच्छा है. ज्याचा थांबला, त्याला मी दुकानात ठेवत नाही.”

पुढे दुकान बंद करून ते इंदूरला मुलीकडे गेले. आता फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही. म्हणून हे पत्र पाठवलं.

तीर्थस्वरूप साई यांस,
सादर प्रणाम.

उद्यापासून अंबरनाथच्या एका हॉस्पिटलातले सगळे कॉम्प्युटर सांभाळायचं काम माझ्याकडे येणार. तिथे काचेच्या पेट्यांमध्ये तान्ही बाळं असतात आणि त्यांच्या श्वासावर मशीन लक्ष ठेवतं. काल मला ती खोली दाखवली. एक आई काचेला हात लावून उभी होती. तुम्ही फोनवर नव्हता. नाही म्हणून निघून यावंसं वाटलं.

मग दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि वरून वाचलं. ठाणे जिल्हा, अंबरनाथ, हॉस्पिटल, दुसरा मजला, बाळांची खोली, दाराजवळ मी.

हात थरथरतच होता, साई. म्हणून हो म्हणालो.

तुमचा,
पुट