पुढल्या झेंड्याला विचारतो

माणसाला दमवायची विद्या शाळेत शिकवत असते, तर जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांनी मिळून आमच्या व्याह्यांना हेडमास्तर केलं असतं. मी मास्तरकीत हयात घालवली. ओढे ओलांडून शाळा गाठल्या, घरोघर फिरून माणसं मोजली, निवडणुकीच्या पेट्या वाहिल्या. त्या सगळ्यानं मी जेवढा थकलो नाही, तेवढं या एका माणसानं मला थकवलंय. माणूस लाखमोलाचा आहे हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर लेक फोनवर भांडेल. पण लाखमोलाचा माणूससुद्धा दमवतोच की!

व्याह्यांना कुणाकडे काही मागता येत नाही. एकदा त्यांना आमची शिडी हवी होती. मोखाड्याहून सकाळच्या एसटीनं जव्हारला आले, ओट्यावर बसले आणि पावसापासून सुरुवात केली. पावसावरून म्हशीवर, म्हशीवरून तिच्या आधीच्या मालकावर, त्याच्यावरून त्याच्या मेव्हण्याच्या दातावर. चहा झाला, जेवण झालं, परत चहा झाला. शेवटी उठले, कोपऱ्यातल्या शिडीकडे डोळे भरून बघितलं, "बरी हाय शिडी," म्हणाले आणि शेवटच्या गाडीनं निघून गेले. माझ्या लेकीला मागणी घालायला आले तेव्हाही हाच प्रकार. दोनदा आले, दोन्ही वेळा घराच्या कौलांवर बोलून परत गेले. तिसऱ्या खेपेला मुलगाच वैतागून म्हणाला, "बा, तू थांब, मीच इचारतो," म्हणून ते लग्न जमलं.

लग्नाच्या वेळी आमच्या हिनं विचारलं होतं, सासरे काय करतात? मी म्हटलं, भात लावतात, नाचणी लावतात आणि उन्हाळ्यात रावण असतात. ही तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण खोटं काय होतं त्यात? त्यांच्या गावच्या बोहाड्यात देवादिकांची सोंगं नाचतात, प्रत्येक सोंग एकेका घराकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, आणि रावण व्याह्यांच्या घरचा. पाठीला दहा तोंडांची चौकट आवळून बांधायची आणि संबळाच्या ठेक्यावर गल्लीभर पुढे धावायचं, मागे सरायचं. शिडी न मागता येणारा हा माणूस चौकट बांधली की असा गरजायचा, की पोरं आयांच्या पदरात शिरायची. गेल्या वर्षी मात्र नाचता नाचता त्यांचा गुडघा वाकला आणि रावण आडवा झाला. गावानं त्यांना उचललं, हळद लावली आणि मग हळूच सांगितलं, "पुढल्या साली घरचा कोन नाचनारा नसंल तर सोंग दुसऱ्या घरी द्यावा लागंल." घरचा म्हणजे एकुलता एक मुलगा. आणि तो, आमचा जावई, मॉरिशसला.

जावई शेतीचा डिप्लोमा झालेला. तिथल्या एका रिसॉर्टच्या गोल्फ मैदानावर गवत सांभाळायचं काम करतो. हे व्याह्यांना मी समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "गुरं किती हायत तिकडं?" म्हटलं, गुरं नाहीत. "मंग गवत कोन खातो?" कुणी खात नाही, कापून टाकतात. पोराला फसवून नेलंय अशी त्यांची खात्रीच झाली असावी. तशात थंडीत लेक-जावयानं आम्हा दोघा व्याह्यांना तिकिटं पाठवली. व्याही मला म्हणाले, "गुरुजी, चला. मला त्याला बोहाड्याला बोलवायचा हाय. तोंडावर इचारीन. फोनवर नाय जमत." जसं काही तोंडावर जमणार होतं!

विमानात त्यांनी नाचणीची भाकरी आणि सुक्या मासळीची चटणी उघडली, तेव्हा पुढच्या दोन रांगांनी माना वळवल्या. मी झोपेचं सोंग घेतलं. बेटावर उतरलो आणि गाडीतून जाताना व्याह्यांना जागोजाग घरांपुढे लाल झेंडे दिसले. लेक म्हणाली, इथली हिंदू माणसं दारात मारुतीचं ठाणं करतात, त्याचे ते झेंडे. व्याही खूश झाले. इथंच सगळा घोटाळा झाला.

कारण आठवड्यानं, गिऱ्हाईक नसलेल्या एका दुपारी, जावयानं साहेबांची परवानगी काढून आम्हाला गोल्फ खेळायला नेलं. एका अंगाला निळा समुद्र, दुसऱ्या अंगाला ऊस, मध्ये गालिच्यासारखं गवत आणि दूरवर, गोल कापून स्वच्छ केलेल्या जागेत, एक झेंडा. व्याह्यांनी तिथेच चपला काढल्या.

"बा, हा देवाचा नाय, खेळाचा झेंडा हाय," जावई म्हणाला.

"असू दे. जागा बघ कशी राखलीया. देवाबिगर कोन राखतो?"

असे अठरा झेंडे होते हो! बसायला बॅटरीची गाडी होती, पण देवाच्या अंगणातून गाडी न्यायची नाही म्हणून व्याही चालत निघाले, आणि ते चालताना मी गाडीत कसा बसणार? ऊन असं, की डोक्यावर भाकरी भाजली असती. खेळाचं म्हणाल तर व्याह्यांनी पहिल्याच फटक्याला गवताचं एवढं मोठं ढेकूळ उडवलं, चेंडू जागच्या जागी. लगेच गुडघा धरत खाली बसले आणि ढेकूळ परत जागेवर बसवून भाताचं रोप दाबावं तसं दाबलं. नंतर मात्र त्यांना काय झालं कोण जाणे, चेंडू सरळ जायला लागले. पण झेंड्याजवळ गेले की चेंडू हातात उचलायचे, झेंड्याच्या मुळाशी अलगद ठेवायचे आणि नमस्कार करायचे. भोकात टाकायला ठाम नकार. "देवाच्या पायाशी बिळात कशाला टाकू?"

जावई चार पावलं पुढे असायचा. मी कुजबुजायचो, "विचारा आता." व्याही घाम पुसत म्हणायचे, "पुढल्या झेंड्याला इचारतो." पुढल्या झेंड्याला ते समुद्राकडे बघून म्हणाले, "येवढा पानी आन् एक भात नाय." त्याच्या पुढल्याला उसाच्या पात्यावर बोलले. माझ्या पोटऱ्यांत गोळे आले होते, जीव मेटाकुटीला आला होता. मनात म्हटलं, ही शिडी काही या जन्मी मागून होत नाही.

शेवटून दुसऱ्या झेंड्यापाशी जावई एकदम थबकला. गवतावर तळहाताएवढा पिवळा डाग होता. तो गुडघ्यांवर बसला, बोटानं माती उकरली, हुंगली आणि आम्हाला विसरूनच गेला. दोन कामगार धावत आले. त्यानं हातानं दाखवत काहीतरी सांगितलं, ते मान डोलावून पाण्याचा नळ बघायला पळाले. व्याही हे सगळं बघत उभे होते. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. भाताचं रोप चांगलं उतरलं की बांधावर उभे राहून ते बघतात, तसं काहीसं.

शेवटच्या झेंड्याला नमस्कार झाला. व्याह्यांनी खेळायची काठी मानेमागे आडवी धरली, दोन्ही हात तिच्यावर टाकले, आणि मला काही कळायच्या आत रावणाचं पाऊल टाकलं. पुढे, मागे, पुढे. जावई हसला. त्यानंही काठी मानेमागे घेतली, तोंडानं संबळ धरला आणि बापाच्या शेजारी पाऊल टाकायला लागला. एवढी वर्षं परदेशात, पण ठेका जराही चुकला नाही. समुद्राकडे तोंड करून दोन रावण नाचत होते आणि मी घामाघूम मास्तर त्यांच्यापुढे खुळ्यासारखा टाळ्या वाजवत होतो.

नाचता नाचता पोरानंच विचारलं, "बा, यंदा रावनाला कोन हाय? मी येऊ का?"

घ्या! देवच पावला. शिडी आपणहून चालत दारात आली.

"तू कशाला?" व्याही म्हणाले. "मी हाय ना. गुडघा बरा झालाय माझा."

त्या संध्याकाळी मी त्यांच्यावर असा भडकलो, की व्याही असल्याचंही भान राहिलं नाही. अहो, एवढे पैसे, एवढी पायपीट, पोर स्वतः येतो म्हणतोय, आणि तुम्ही खुशाल खोटं बोलता? व्याही गुडघ्याला तेल चोळत होते. म्हणाले, "हो म्हनलो असतो तर आला असता, गुरुजी. मंग त्या पिवळ्या डागाकडं कोन बघनार?"

उन्हाळ्यात बोहाडा झाला. व्याह्यांनी आधीच नारळ ठेवून सोंग चुलतभावाच्या घरी दिलं होतं. पहिल्यांदाच ते बघायला बसले, माझ्या शेजारी. सकाळच्या कोवळ्या उन्हात रावण आला तेव्हा त्यांनी चपला काढल्या आणि तो गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत हात जोडून उभे राहिले. मला तिकडे बघवेना.

तेवढ्यात जावयाचा फोन. रेंज येत-जात होती. "बा, कसा झाला रावन?"

"झकास नाचलो रं!" व्याही ओरडले. "पोरा रडली भिऊन! इचार गुरुजींना." आणि फोन माझ्या हातात दिला.

मी जन्मभर पोरांना खरं बोलायला शिकवलं. "हो," मी म्हटलं. "झकास नाचले."

"मामा, व्हिडिओ पाठवा ना."

"बॅटरी उतरली रे," मी म्हटलं. बॅटरी भरलेली होती.

संबळ लांब गेला. माणसं पांगली. व्याही पायरीवर बसून राहिले आणि जरा वेळानं म्हणाले, यंदा पाऊस लवकर लागेल असं वाटतं. मग म्हशीवर आले. म्हशीवरून तिच्या वासरावर. त्यांना काहीतरी मागायचंय हे मला कळलं. घर चढावर होतं आणि गुडघा सुजलेला दिसत होता. मी त्यांना बोलू दिलं नाही. उठलो आणि माझा हात पुढे केला.