रिकामी बसलेली लाइन

आमची जळगाव आणि धुळ्याची ऑफिसं एका केबलने जोडलेली होती. ती तुटलीच तर अडायला नको म्हणून मी दुसरी लाइन घेतली, दोन्हीकडे तिच्यासाठी वेगळा राउटर बसवला आणि साहेबांपुढे छाती फुगवली. ऐन मे महिन्यात पारोळ्याजवळ जेसीबीने केबल तोडली. दुसरी लाइनही बंदच! मी तणतणत धुळे गाठलं. तिथे दुसऱ्या लाइनच्या राउटरचा प्लग काढून कूलर लावलेला.

"भाऊ, ते तं नुसतं बसेल शे ना," तिथले वयस्कर शिपाई नाना शांतपणे म्हणाले. राउटर नुसता बसून आहे, असं त्यांचं म्हणणं.

कूलरचा प्लग उपटायला मी तरातरा पुढे गेलो, तोच घामेजल्या मानेवर गार वारा आला. मी जळगावला फोन लावला: "साहेब, बिघाड मोठा आहे. संध्याकाळ होईल."